दगडखाणीचे काम ठेक्याने देताना : अकरा महिन्यांचा अनुभव

कोरेगाव तालुक्यात आमची दोन हेक्टरांची काळ्या दगडाची खाण आहे आणि तिला लागूनच खडीचा क्रशर आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती छिन्नी-सुतकीच्या दिवसांत सुरू केली आणि २०२१ च्या दिवाळीपर्यंत सुरुंगाची होल मारण्यापासून डंपर भरण्यापर्यंतचे प्रत्येक काम आमच्याच माणसांनी, आमच्याच यंत्रांवर केले. त्या दिवाळीनंतर महिन्याभरात तीन गोष्टी घडल्या. अण्णांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली, जुन्या कंप्रेसरने दुसऱ्यांदा मान टाकली आणि अठ्ठावीस वर्षे आमच्याकडे सुरुंग उडवणाऱ्या ब्लास्टरमामांनी ‘ताई, आता नजर पहिल्यासारखी राहिली नाही’ असे सांगून हात जोडले. नवा कंप्रेसर, ड्रिल आणि पोकलेन घ्यायचे तर मोठे कर्ज काढावे लागणार होते. म्हणून होल मारणे, सुरुंग उडवणे, दगड काढणे आणि क्रशरपर्यंत आणून टाकणे हे सारे ठेक्याने द्यायचे, आणि क्रशर, विक्री व रॉयल्टीचा हिशेब आपल्याकडे ठेवायचा, असे आम्ही ठरवले. मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून तोवर फक्त वह्या सांभाळत होते. पुढच्या अकरा महिन्यांत जे कळले, ते आधी कोणी सांगितले असते तर माझे निदान तीन महिने आणि बऱ्याच रात्रींची झोप वाचली असती.

पहिली गाठ भाडेपट्ट्याच्या आदेशाशी पडली. खाणपट्टा अण्णांच्या नावावर, महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३ खाली दिलेला आहे. पट्टा दुसऱ्याच्या हाती देणे आणि पट्ट्यातले काम दुसऱ्याकडून करून घेणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला शासनाची पूर्वपरवानगी लागते, आणि दुसरीचा करारनामा ढिसाळ भाषेत लिहिला तर ती कागदावर पहिलीसारखी दिसू लागते. आमच्या ओळखीतल्या एका खाणमालकाने करारात ‘खाण चालवण्यास दिली’ असे लिहिले होते आणि त्या तीन शब्दांचा खुलासा करण्यात त्याचे अख्खे वर्ष गेले. म्हणून ३ जानेवारी २०२२ रोजी मी साताऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत जाऊन, पट्टा, वाहतूक परवाने आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) आमच्याच नावाने राहील, ठेकेदाराला खनिजावर कोणताही हक्क मिळणार नाही, असे लेखी कळवले. उत्तर आले नाही, पण आमच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मिळाला. नंतरच्या प्रत्येक कार्यालयात तो शिक्का कामी आला, त्यामुळे कोणतेही पत्र देताना दोन प्रती न्याव्यात आणि शिक्का घेतल्याशिवाय जिना उतरू नये.

पुढची चूक मात्र पूर्णपणे माझी होती. ठेकेदाराची माणसे येणार म्हणजे कंत्राटी कामगार कायदा, १९७० लागू होणार हे मला ठाऊक होते, म्हणून १८ जानेवारीला मी राज्याच्या कामगार कार्यालयात गेले. दीड तास बसल्यावर तिथल्या लिपिकबाईंनी कागद चाळले आणि शांतपणे विचारले, ‘ही खाण आहे ना? मग आमच्याकडे कशाला आलात?’ खाण कितीही लहान असली, गावच्या माळावर असली आणि तिचा पट्टा जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेला असला, तरी कामगारांच्या बाबतीत तिचे समुचित शासन, म्हणजे कायदा राबवणारे सरकार, केंद्र सरकार असते. आम्हाला लागणारे कार्यालय पुण्याचे, सहायक कामगार आयुक्त (केंद्रीय) यांचे. आठवड्याने सकाळच्या एसटीने खंबाटकी घाट ओलांडून पुण्याला गेले, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. खाणीतले किमान वेतनही केंद्राच्याच दराने द्यायचे असते, आणि त्यातला महागाई भत्ता दर वर्षी १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर या दोन तारखांना बदलतो. आम्ही इतकी वर्षे राज्याचा तक्ता भिंतीवर लावून बसलो होतो.

इथे तेव्हा लागू असलेल्या खाण कायदा, १९५२ विषयीही सांगायला हवे, कारण आमच्या भागातले निम्मे खाणमालक तो आपल्याला लागूच नाही असे समजून चालत. बांधकामाचा दगड, खडी, मुरूम अशा खनिजांच्या उघड्या खाणींना त्याच्या बहुतेक तरतुदींतून सूट होती हे खरे. पण खोली ६ मीटरपेक्षा जास्त नसावी, कोणत्याही एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसे कामावर नसावीत आणि स्फोटके वापरलेली नसावीत, या तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या तरच ती सूट मिळायची. आमच्याकडे माणसे कमी होती, पण पहिला सुरुंग उडाला त्याच दिवशी सूट संपलेली होती. याच कायद्यातल्या ‘मालक’ या शब्दाच्या व्याख्येत असे म्हटले होते की, खाण किंवा तिचा भाग चालवणारा ठेकेदार हा जणू मालकच असल्याप्रमाणे कायद्याला बांधील राहील, परंतु त्यामुळे मूळ मालकाची कोणत्याही दायित्वातून सुटका होणार नाही. वकिलांनी हे वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करून दिले होते. अण्णांना ते मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा खुब्यावर हात ठेवून ते म्हणाले, ‘म्हणजे काम त्याचं आणि घोर आपला.’ मला त्या दिवशी ते बोलणे म्हाताऱ्या माणसाच्या कुरकुरीसारखे वाटले.

फेब्रुवारीत तीन ठेकेदारांचे दर मागवले. सर्वांत कमी दर देणाऱ्याकडे स्वतःचा प्रमाणपत्रधारक ब्लास्टर नव्हता आणि स्फोटकांचा परवाना ‘पाहुण्यांच्या नावावर’ होता. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना ज्याच्या नावावर आहे, त्यानेच माल ठेवायचा आणि वापरायचा असतो. तिथे पाहुणचार चालत नाही. दुसऱ्याचे कागद चोख होते, पण फलटणकडे त्याचे काम पाहायला गेले तर खाणीची भिंत सरळ तुटलेली, बारा-तेरा मीटर उंच, एकही पायरी न सोडलेली दिसली. कठीण दगडात एका पायरीची, म्हणजे बेंचची, उंची ६ मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको, एवढे मला ब्लास्टरमामांनी लहानपणीच शिकवले होते. तिसऱ्याचा दर टनामागे अकरा रुपयांनी जास्त होता. त्याचे मॅगझिन, म्हणजे स्फोटकांचे कोठार, चाळीस किलोमीटरवर होते. सकाळी परवानाधारक व्हॅनने माल येणार, संध्याकाळी उरलेल्या कांड्या आणि कॅप मोजून परत जाणार, खाणीवर रात्री काहीही राहणार नाही, हे त्याने आम्ही विचारण्याआधीच सांगितले. काम त्याला दिले. ठेकेदाराचे कार्यालय पाहू नये, त्याची चालू असलेली खाण पाहावी, आणि तीही न कळवता, असा माझा सल्ला आहे.

कराराचा मसुदा करायला पाच आठवडे लागले आणि त्यातले तीन एका शब्दावर खर्च झाले. तो शब्द म्हणजे ब्रास. शंभर घनफुटांचा ब्रास सर्वांना माहीत आहे, पण डोंगरात घट्ट बसलेला शंभर घनफूट दगड आणि फुटून डंपरमध्ये पडलेला शंभर घनफूट दगड यांचे वजन एक नसते. फुटलेल्या दगडात पोकळी राहते. घट्ट दगडाचा एक ब्रास साधारण आठ टन भरतो आणि सुट्या मालाचा साडेचार-पाच टन. ठेकेदाराच्या दरपत्रकात नुसते ‘प्रति ब्रास’ लिहिलेले होते. तो ब्रास डंपरचा धरायचा की खड्ड्याचा, यावर वर्षाच्या बिलात दीडपटीहून जास्त फरक पडला असता. शेवटी आम्ही ब्रास हा शब्दच करारातून काढला आणि क्रशरच्या वजनकाट्यावरचा टन हे एकमेव माप ठेवले. शासनाच्या रॉयल्टीचा हिशेब अर्थात ब्रासवरच राहिला, कारण तिथे आपली निवड चालत नाही.

दुसरी गोष्ट सीमेची. पट्ट्याच्या हद्दीबाहेर एक बादली दगड जरी काढला तरी तो महसुलाच्या दृष्टीने अवैध उत्खनन ठरतो, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो. त्याची नोटीस पोकलेनच्या चालकाला येत नाही, पट्टेदाराला येते. म्हणून २२,००० रुपये खर्चून मोजणी करून घेतली, सिमेंटचे खांब पुन्हा उभे केले, त्यांना पिवळा रंग दिला आणि खांबापासून आतल्या साडेसात मीटरांत यंत्र न्यायचे नाही असे करारात लिहिले. सल्लागार आणि वकील यांचे मिळून ४५,००० रुपये झाले. २१ मार्च २०२२ ला मुद्रांकावर सह्या झाल्या.

आता आमच्या माणसांविषयी. हा भाग लिहायला मला सर्वांत जड जाते. खाणीत आमची नऊ माणसे होती. तिघांना क्रशरवर घेता येणार होते आणि उरलेल्या सहा जणांना आपल्या हजेरीपटावर घ्यायला ठेकेदार तयार होता. मला ते फार सोयीचे वाटले. माणसे तीच, जागा तीच, फक्त पगाराच्या पाकिटावरचे नाव बदलणार. वकिलांनी दोन धोके दाखवले. एक म्हणजे, काम आमच्याच हुकुमाने चालले आणि ठेकेदार नावापुरताच राहिला, तर तो ठेका दिखाऊ ठरून माणसे आमचीच मानली जाऊ शकतात. स्टील ॲथॉरिटीच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निकाल त्यांनी यासाठी समोर ठेवला. दुसरे म्हणजे, या माणसांची मागची सेवा कोणाच्या खात्यावर? ठेकेदार पहिल्या दिवसापासून मोजणार, आम्ही शेवटच्या दिवशी वही मिटणार, आणि मधली वीस-बावीस वर्षे हवेत राहणार. चंद्रपूरकडे कोळसा खाणीत ठेकेदाराकडे सुपरवायझर असलेला माझा आतेभाऊ फोनवर म्हणाला, ‘आमच्याकडे ठेकेदार चारदा बदलला, डंपर तेच, माणसं तीच, आणि प्रत्येकाची नोकरी मात्र दोन वर्षांची.’ कोळशाच्या खाणीतल्या काही मुख्य कामांवर कंत्राटी कामगार लावायला केंद्राने १९७५ सालीच मनाई केली होती, तरीही आज तिकडे आउटसोर्सिंग हा शब्द घराघरात आहे, असे तो हसत म्हणाला.

आम्ही आधी हिशेब चुकता करायचे ठरवले. खाणीला ग्रॅच्युइटीचा कायदा माणसांची संख्या न पाहता लागू होतो. बावीस वर्षे झालेल्या, १३,००० रुपये पगाराच्या एका माणसाचा हिशेब मी स्वतः चार वेळा केला. १३,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले २२, म्हणजे १,६५,००० रुपये. त्याशिवाय कामावरून कमी केल्याची भरपाई, म्हणजे भरलेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार, एक महिन्याची नोटीस आणि शासनाला सूचना, हीही पुन्हा पुण्यालाच. सहा जणांचे मिळून १४ लाखांच्या थोडे वर गेले. जुना डंपर विकला, कंप्रेसर भंगाराच्या भावाने गेला, उरलेले बँकेतून उचलले. काम ठेक्याने दिले की पैसे वाचतात असे ज्यांना वाटते, त्यांनी हा आकडा आधी मांडावा. बावीस वर्षे सेवा झालेल्या त्या मामांनी धनादेश हातात घेऊन सही केली आणि मला विचारले, ‘ताई, आता दिवाळीचा बोनस तुम्ही देणार का ते?’ मला लगेच उत्तर देता आले नाही.

कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नोंदणीची कामे त्यामानाने सुरळीत झाली. १४ मार्चला श्रम सुविधा पोर्टलवर मुख्य नियोक्ता, म्हणजे ठेकेदाराकडून काम करून घेणारा, म्हणून अर्ज केला आणि एकदा त्रुटी निघून ११ एप्रिलला प्रमाणपत्र मिळाले. त्रुटी अशी होती की अर्जातला खाणीचा गट क्रमांक आणि पट्ट्यातला गट क्रमांक यांत पोटहिस्सा सुटला होता. त्यानंतर मुख्य नियोक्ता म्हणून आम्ही दिलेले फॉर्म पाचचे प्रमाणपत्र जोडून ठेकेदाराने परवान्यासाठी अर्ज केला. तो ३० मे रोजी, बारा महिन्यांच्या मुदतीचा मिळाला. चालकांसह त्याची तेवीस माणसे येणार होती. तेव्हा वीस माणसांपासून परवाना लागायचा, तो टाळण्यासाठी हजेरीपटावर एकोणीसच दाखवू, असे मधल्या एका सल्लागाराने सुचवले होते. त्याला आम्ही दुसऱ्यांदा बोलावले नाही.

पाऊस सुरू झाला आणि खाण पाण्याखाली गेली. ते तीन महिने वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षणात घालवले, हे बरे झाले. खाणीत येणाऱ्या प्रत्येकाची आधी तपासणी व्हावी लागते आणि पुढे ठरावीक वर्षांनी ती पुन्हा करावी लागते. माणशी १,१०० रुपये खर्च आला आणि तो आम्ही व ठेकेदाराने निम्मा निम्मा वाटून घेतला. ड्रिलवर काम केलेल्या आमच्या दोन जुन्या माणसांना उजव्या कानाने फार कमी ऐकू येते असे त्या तपासणीत निघाले. इतकी वर्षे आम्ही त्यांच्याशी मोठ्याने बोलत होतो आणि आपण असे का बोलतो हे कधी मनात आले नव्हते. खाण कायद्याखालच्या खाणीला तेव्हा कर्मचारी राज्य विमा योजना लागू होत नव्हती, म्हणून ठेकेदाराकडून नुकसानभरपाईची विमा पॉलिसी घेऊन तिची मूळ प्रत पाहिली. छायाप्रतीवर विसंबू नये, कारण पहिली छायाप्रत आणली होती ती मुदत संपलेल्या पॉलिसीची होती.

४ ऑक्टोबर २०२२ ला खंडेनवमी होती. आमच्या उरलेल्या पहारी, घण आणि ब्लास्टरमामांची जुनी तांब्याची टोचणी पाटावर मांडली, आणि शेजारी ठेकेदाराच्या नव्या ड्रिलला झेंडूची माळ घातली. १० तारखेला पहिला सुरुंग ठरला होता. पण त्याआधीच, ६ तारखेला, ठेकेदार वाढीव दर मागायला आला. त्याने फेब्रुवारीत दर दिला, त्यानंतर एप्रिल आणि ऑक्टोबर असे दोनदा किमान वेतन बदलले होते. मागणी खोटी नव्हती. करारात डिझेलच्या चढउताराचे कलम आम्ही घातले होते, वेतनाचे घालायला विसरलो होतो. टनामागे चार रुपयांवर मिटले.

पहिल्या सुरुंगाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास अठ्ठावीस होल भरून झाले. ब्लास्टरने प्रत्येक होलाच्या तोंडाशी दगडाची बारीक भुकटी लाकडी काठीने ठासली. भुकटी थोडी ओली होती आणि काठीचा आवाज प्रत्येक होलाला जरा वेगळा येत होता. ब्लास्टरमामा खास पाहायला आले होते. ते डोळे मिटून तो आवाज ऐकत होते आणि एका होलाशी त्यांनी बोट वर केले. तो पुन्हा ठासला गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल झेंडे घेऊन माणसे उभी राहिली, भोंगा तीनदा वाजला. दगड जागच्या जागी उचलल्यासारखा झाला आणि खाली बसला. एक चिपही रस्त्यावर आली नाही.

२२ नोव्हेंबरला मात्र ते घडले, ज्याची भीती होती. संध्याकाळच्या सुरुंगात एक होल उडाला नाही. ब्लास्टरला ते लक्षात आले होते, पण पुढच्या खाणीवर जायची घाई होती. त्याने ठेकेदाराच्या सुपरवायझरला तोंडी सांगितले, सुपरवायझर सुटीवर गेला आणि सकाळी सात वाजता पोकलेनचा चालक त्याच ढिगाऱ्यावर बादली टाकायला निघाला. आमच्या मेटला, म्हणजे खाणीवर देखरेख करणाऱ्या माणसाला, ढिगाऱ्यात लोंबणारी पिवळी तार दिसली म्हणून त्याने ओरडून यंत्र थांबवले. माझे हात त्या दिवशी दुपारपर्यंत थरथरत होते. काम दोन दिवस बंद ठेवले, ब्लास्टरला परत बोलावून तो होल निकामी केला आणि कराराला पुरवणी जोडली : सुरुंगानंतर ब्लास्टरने जागा तपासून, वहीत लिहून, आमच्या मेटची सही घेतल्याशिवाय खाण सोडायची नाही, आणि ती सही नसेल तर दुसऱ्या दिवशी कोणतेही यंत्र सुरू होणार नाही. मेटची नेमणूक आपल्याकडेच ठेवावी आणि त्याचा पगार ठेकेदाराच्या बिलाशी कधीही जोडू नये, हे मी त्या तारेकडे पाहून शिकले.

पगाराचे प्रकरण जानेवारीत झाले. त्या वेळच्या नियमाने महिना संपल्यापासून सात दिवसांत पगार व्हायला हवा होता आणि तो आमच्या प्रतिनिधीसमोर द्यायचा होता. डिसेंबरचा पगार १९ जानेवारीपर्यंत झाला नाही. कायदा स्पष्ट होता : ठेकेदाराने दिला नाही तर मुख्य नियोक्त्याने द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा. आम्ही दिला आणि त्याच्या बिलातून वळता केला. तो दोन दिवस बोलत नव्हता. तेव्हापासून मागच्या महिन्याचे भविष्यनिर्वाह निधीचे चलन, माणसांच्या नावांसह, हातात आल्याशिवाय मी बिल मंजूर करत नाही. नुसत्या रकमेचे चलन पुरत नाही, कारण पहिल्या दोन महिन्यांच्या चलनात आमच्या त्या सहा माणसांपैकी दोघांची नावेच नव्हती.

हिशेब विचाराल तर, यंत्रांचा हप्ता आणि दुरुस्ती वाचली, पण टनामागचा खर्च फार कमी झालेला नाही, आणि माझ्या टेबलावरच्या वह्या दुप्पट झाल्या आहेत. परवान्याची मुदत २९ मे २०२३ रोजी संपत होती. नूतनीकरणाचा अर्ज निदान तीस दिवस आधी जायला हवा होता, म्हणून ठेकेदाराने वेळेआधीच कागद आणून दिले. या वेळी माणसांची संख्या सव्वीस होती, यादीत आमची सहाही नावे होती, आणि गट क्रमांकापुढे पोटहिस्सा त्याने आठवणीने लिहिला होता.